शरदातील रानवाटा आणि दंश करणारे जीव

भाद्रपद सरू लागतो, पावसाची झड ओसरते आणि सह्याद्रीतील वाटा पुन्हा चालण्याजोग्या होतात. गवत कमरेइतके वाढलेले असते. सोनकी व तेरडा फुललेला असतो. बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरमसारख्या उपनगरातून शनिवारी रात्री निघालेला प्रवासी रविवारी सकाळी शिवमोगा किंवा चिक्कमगळूरच्या रानात पोहोचतो. पुण्या-मुंबईच्या गिरिभ्रमण करणाऱ्यांना तर घाट जवळच असतो. परंतु दंश करणाऱ्या जीवांचीही हीच सुगी होय.

या जीवांपैकी जे चटकन जाणवतात त्यांचीच धास्ती माणसाला अधिक वाटते. जळू हे याचे उत्तम उदाहरण. ती कीटक नव्हे, गांडुळाच्या कुळातली आहे. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे हिरुडिन नावाचे द्रव्य असते, म्हणून ती गळून पडल्यावरही जखम बराच वेळ वाहत राहते. दृश्य भीतिदायक खरे, पण जखम स्वच्छ धुऊन दाबून धरली की बहुधा काम भागते. गोमाशीचा डंख झोंबतो आणि विसरला जातो. डासांचे तसे नाही. डेंग्यू पसरवणारा डास दिवसाढवळ्या चावतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

खरी चिंता करावी ती न जाणवणाऱ्या दंशाची. इ. स. १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ पसरली. पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्या तापाचा विषाणू शोधून काढला आणि तो गोचिडींमार्फत पसरतो हे दाखवून दिले. पुढे हा रोग गोव्यात सत्तरी तालुक्यापर्यंत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात पोहोचला. शरदात या गोचिडींच्या अळ्या नुकत्या बाहेर पडत असतात. माणसाला बाधा पोहोचते ती मुख्यतः त्यांच्या पुढील अवस्थेकडून, म्हणजे डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. तेव्हा आश्विनातील प्रवाशाला या रोगाचे भय तुलनेने कमी असते. मेलेले माकड दिसल्यास मात्र त्याच्या जवळ जाऊ नये.

शरदाचा खास शत्रू याहूनही लहान आहे. कोळ्यांच्या वर्गातील चिगर या सूक्ष्म जीवाची अळी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी असते. तिच्या आयुष्यात ही एकच अवस्था प्राण्यांना चावते. मोठेपणी ती मातीतील किडे व त्यांची अंडी खाते. उंदरांचा वावर असलेल्या झुडुपांत, रान आणि शेत यांच्या सीमेवर, गवताच्या पात्यावर ती वाट पाहत बसते. तिच्या दंशातून स्क्रब टायफस या तापाचे जंतू शरीरात शिरतात आणि संसर्ग झालेली मादी ते अंड्यांवाटे पुढच्या पिढीलाही देते. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश सीमेवरील सैनिकांना या तापाने जर्जर केले होते. २०१८ च्या पावसाळ्याअखेरीस नागपूर व विदर्भात त्याची साथ आली, तेव्हा हा रोग केवळ दूरच्या डोंगराळ मुलखातला नाही हे दिसून आले.

उपाय साधे आहेत. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, विजारीची टोके मोज्यांत खोचावी. गवतावर नुसते बसू वा लोळू नये, जाजम अंथरावे. कीटकांना दूर ठेवणारे मलम किंवा तेल घोट्यांना, मानेला लावावे. कर्नाटकातील जंगलालगतच्या गावांत ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेत विकसित झालेले डेपा तेल यासाठी वाटले जाते. परतल्यावर साबणाने अंग घासून स्नान करावे आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावी. रॉकेल ओतणे वा काडीने भाजणे हे घरगुती उपाय अपायकारकच ठरतात.

ताप येतो तो सहलीची आठवण पुसट झाल्यावर, साधारण एक ते तीन आठवड्यांनी. डोके दुखते, अंग मोडून येते, रक्तातील बिंबिका घटतात, आणि सर्वांना डेंग्यूचाच संशय येतो. अशा वेळी काख, जांघ, कंबर, कानामागची जागा पाहावी. विडीच्या चटक्यासारखी, न दुखणारी काळी खपली तेथे आढळल्यास निदानाला दिशा मिळते. प्रत्येक रोग्याला ती उमटतेच असे नाही. म्हणून आपण कोणत्या रानात, केव्हा हिंडलो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. डॉक्सिसायक्लीन हे स्वस्त औषध वेळीच सुरू झाले तर दोन-तीन दिवसांत ताप उतरू लागतो. विलंब झाल्यास फुप्फुसे, मूत्रपिंड व मेंदू यांना इजा होऊन रोग जिवावर बेतू शकतो.