रात्रभर जागणारा घरचा संगणक

व्यापारी कुटुंबांत घरचा संगणक आता केवळ हिशेबापुरता उरलेला नाही. दिवसा त्यावर पावत्या आणि कराची विवरणपत्रे तयार होतात. संध्याकाळी त्याच डिस्कवरील लग्नाच्या चित्रफिती, प्रवासाची छायाचित्रे आणि आजोबांच्या आवाजाची जुनी ध्वनिमुद्रणे दिवाणखान्यातील टीव्हीवर पाहिली-ऐकली जातात. एका ठिकाणी साठवलेली ही सामग्री घरातील इतर पडद्यांवर पोहोचवणाऱ्या प्रणालीला मीडिया सर्व्हर म्हणतात. प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन ही त्यांतील परिचित नावे. विंडोजमध्येही अशी वाटणी करण्याची स्वतःची सोय आहे. मात्र ही सोय घरात आल्यावर पुष्कळदा एक तक्रारही येते. पूर्वी अर्ध्या तासाने आपोआप निद्रावस्थेत जाणारा संगणक आता रात्रभर जागा राहतो.

अशा वेळी यंत्र बिघडले असे समजून ते दुरुस्तीस नेण्याची घाई होते. प्रत्यक्षात संगणक बहुधा दिलेली आज्ञाच पाळत असतो. कळफलक आणि माऊस काही काळ स्तब्ध राहिले की विंडोज झोपेची तयारी करते; परंतु चालू असलेली कोणतीही प्रणाली ‘काम सुरू आहे, झोपू नये’ अशी विनंती नोंदवू शकते. ही तरतूद हेतुपुरस्सर केलेली आहे. ती नसती, तर दोन तासांचा चित्रपट टीव्हीवर पाहताना संगणक मध्येच झोपला असता, कारण त्या वेळी कळफलकाला कोणीच हात लावलेला नसतो. काम संपताच विनंती मागे घेतली जावी, अशी अपेक्षा असते. ती मागे घेतली गेली नाही, की जागरण सुरू होते.

विनंती रेंगाळण्याची कारणे साधी असतात. कोणीतरी मोबाईलवर चित्रफीत मध्येच थांबवून तशीच उघडी ठेवलेली असते. नव्याने भरलेल्या शेकडो छायाचित्रांची सूची आणि लघुचित्रे सर्व्हर पार्श्वभूमीवर तयार करीत असतो. प्लेक्समध्ये अशा देखभालीच्या कामांची वेळ मुळातच पहाटे 2 ते 5 अशी ठरवलेली असते. ती सेटिंगमधून बदलता येते. ज्या घरात संगणक संध्याकाळी चालूच असतो, तेथे ही कामे त्या वेळेत आणणे श्रेयस्कर.

खर्चाचा अंदाज कोणत्याही गृहिणीला मांडता येईल. निष्क्रिय असतानाही 60 वॅट घेणारा संगणक रोज 16 तास विनाकारण जागा राहिला, तर दिवसाला 0.96 युनिट, महिन्याला सुमारे 29 आणि वर्षाला सुमारे 350 युनिट वीज जाते. निद्रावस्थेत तोच संगणक 2 वॅट घेतो असे धरले, तर तेवढ्याच तासांसाठी वर्षाला 12 युनिटांच्या आसपास पुरतात. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटांचे टप्पे आहेत आणि टप्पा ओलांडला की पुढील युनिटांना वरचा दर लागतो. त्यामुळे हे जादा 29 युनिट अनेकदा बिलातील सर्वांत महाग युनिट ठरतात. शिवाय पंखा सतत फिरतो, धूळ आत ओढली जाते आणि यंत्राची झीज होते, ते वेगळेच.

विनंती कोणाची आहे हे शोधण्याची सोय विंडोजमध्येच आहे. ‘कमांड प्रॉम्प्ट’ प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा. ‘पॉवर’ या इंग्रजी शब्दाला जोडूनच सी, एफ, जी ही अक्षरे लिहावीत. मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला लागून ‘रिक्वेस्ट्स’ हा शब्द लिहावा. पडद्यावर जागे ठेवणाऱ्यांची यादी येते. ‘सिस्टीम’ या मथळ्याखाली मीडिया सर्व्हरचे नाव दिसले, तर कारण सापडले. ही तपासणी दोनदा करावी: एकदा टीव्हीवर चित्रफीत चालू असताना आणि एकदा सर्व उपकरणे बंद करून. पहिल्या वेळी नाव दिसणे योग्यच. दुसऱ्या वेळीही दिसले, तर विनंती रेंगाळली आहे. मॅक संगणकावर ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मधील ऊर्जेच्या तक्त्यात झोप कोण रोखत आहे, हे सांगणारा स्वतंत्र रकाना असतो.

यानंतर विंडोजच्या प्रगत पॉवर सेटिंगमध्ये ‘मल्टिमीडिया’खालील माध्यमे वाटून देतानाचा पर्याय पाहावा. तेथे तीन निवडी असतात: झोपू द्यावे, निष्क्रियतेमुळे येणारी झोप रोखावी, किंवा ‘अवे मोड’मध्ये जाऊ द्यावे. तिसरी निवड फसवी आहे. तिच्यात पडदा आणि आवाज बंद होतात, त्यामुळे संगणक झोपल्यासारखा भासतो. आत मात्र तो जागाच असतो आणि विजेची बचत किरकोळ होते. झोप हवी असल्यास पहिली निवड करावी.

मग रात्री दहाला कोणाला जुनी चित्रफीत पाहावीशी वाटली तर काय, हा प्रश्न उरतो. त्याचे एक उत्तर ‘वेक ऑन लॅन’ हे आहे. संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा 12 अंकाक्षरांचा पत्ता 16 वेळा असलेला एक छोटा संदेश घरातील दुसऱ्या उपकरणाने पाठवला, की झोपलेला संगणक उठतो. त्यासाठी संगणक केबलने राउटरला जोडलेला असणे उत्तम, आणि बायोसमध्ये तसेच नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये ही परवानगी द्यावी लागते. ‘केवळ मॅजिक पॅकेटनेच उठावे’ ही खूणही करावी. नाहीतर नेटवर्कवरील किरकोळ हालचालीनेही झोपमोड होते. ज्या घरात अहोरात्र काही ना काही पाहिले जाते, तेथे काही वॅटवर चालणाऱ्या रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाकडे सर्व्हरचे काम सोपवणे अधिक हिशेबी ठरते.

व्यापारी घरांनी एक खबरदारी विसरू नये. दुकानातील माणसे याच संगणकावरील हिशेब नेटवर्कवरून उघडत असतील, तर तो झोपताच त्यांचा संपर्क तुटेल; म्हणून झोपेची वेळ दुकान बंद झाल्यानंतरचीच ठेवावी. तसेच साध्या निद्रावस्थेत उघडे काम केवळ मेमरीत असते आणि वीज गेली तर न साठवलेली नोंद नष्ट होते. जेथे वीज वारंवार जाते, तेथे डेस्कटॉपवर ‘हायब्रिड स्लीप’ हा पर्याय चालू करावा, म्हणजे तेच काम डिस्कवरही उतरवले जाते. रात्रीची प्रतिलिपी घेण्याची व्यवस्था असेल, तर तिच्या वेळी संगणक जागा राहील अशी योजना आधीच करावी.

थोडक्यात, जागे राहण्याची परवानगी कामापुरती असावी. सर्व बदल झाल्यावर झोपेची वेळ तात्पुरती पाच मिनिटांवर आणून यंत्र खरोखर झोपते का, हे पाहावे. मग ती सोयीच्या वेळेवर न्यावी. पुढच्या महिन्याच्या वीजबिलातील युनिटांचा आकडा मागील बिलाशी ताडून पाहिला, की या तपासणीचे फळ कळेल.