अकरावा आला, म्हणून काय झाले?

पोलीस भरतीच्या मैदानावरून मुलगा घरी येतो. "काय झालं रे?" असे दारातच विचारले जाते आणि तो मान खाली घालतो. शेजारी म्हणतात, नशिबात नव्हते. मामा म्हणतात, अकॅडमीचे पैसे पाण्यात गेले. आई काही न बोलता भाकर वाढते. बीड, गेवराई, आष्टी, पाटोद्याकडच्या आपल्या वस्त्यांना हे नवीन नाही. मुलांची १६०० मीटरची धाव, मुलींची ८०० मीटरची. काही सेकंद मागे पडले की वर्षभराची मेहनत गेली असे वाटते.

वाचकहो, यातल्या 'नशीब' या शब्दाला आमची हरकत आहे. १९५६ साली नागपुरात ज्या धम्माची दीक्षा आपल्या वाडवडिलांनी घेतली, त्यात घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण असते असे सांगितले आहे. मग हरण्यालाही कारण असणारच. ते शोधायचे कसे, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यातला एक धावपटू वारंवार हरला आहे. त्याच्या विजयाचे फोटो सर्वांनी पाहिले, पराभवाची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

अविनाश साबळे हा आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. आईवडील शेतकरी. शाळा सहा किलोमीटर दूर, तेव्हा पायी किंवा पळत जाणे आलेच. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, तो ५ महार बटालियनमध्ये. महार रेजिमेंट म्हटले की आपल्या घरात म्हातारी माणसेही कान टवकारतात. इंग्रजांनी बंद केलेली आपली सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून बाबासाहेबांनी सरकारदरबारी झगडा केला आणि १९४१ साली बेळगावला पहिली पलटण उभी राहिली. आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व समाजांचे जवान आहेत. अविनाशने सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळूत नोकरी केली. शर्यतीत तो उतरला २०१५ नंतर, म्हणजे विशी ओलांडल्यावर. उशीर झाला म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची. २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायचा. २०१८ साली भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे तो स्वतःचाच विक्रम मोडत गेला.

आता पराभव पाहू. टोकियो ऑलिंपिक २०२१ साली झाले. प्राथमिक फेरीत त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, तरी तो बाहेर पडला! प्रत्येक गटातले पहिले तिघे थेट अंतिम फेरीत आणि उरलेल्यांतून सर्वांत वेगवान सहा जण, असा नियम होता. त्याच्या गटाचा वेग जबर, तो सातवा आला. तिसऱ्या गटाचा विजेता त्याच्यापेक्षा हळू धावूनही पुढे गेला. यात धावणाऱ्याची चूक शोधून सापडायची नाही.

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जागतिक स्पर्धा झाली. अविनाश ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांत अकरावा आला. ही धाव त्याच्या लौकिकाला साजेशी नव्हती, हे मान्यच करावे. पण सगळी शर्यतच रेंगाळत चालली होती. विजेत्यालाही ८ मिनिटे २५.१३ सेकंद लागले. अशा शर्यतीचा निकाल अखेरच्या फेरीतल्या झपाट्यावर लागतो. तीन आठवडेही झाले नाहीत तोच बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तोच अविनाश ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावला. केनियाच्या विजेत्यापेक्षा फक्त पाच शतांश सेकंद मागे, रौप्यपदक! १९९८ ते २०१८ पर्यंत राष्ट्रकुलात या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियानेच नेली होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टला तो पुन्हा प्राथमिक फेरीत गेला. त्यानंतर सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत पोचला आणि तिथेही अकरावाच आला, पण वेळ ८ मिनिटे १४.१८ सेकंद. ओरेगॉनचा अकरावा आणि पॅरिसचा अकरावा यांत साडेसतरा सेकंदांचे अंतर आहे. नुसता नंबर विचारणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

म्हणून घरच्यांना सांगणे आहे. मुलगा हरून आला तर पहिल्या दिवशी काही विचारू नका. जेवू द्या, झोपू द्या. दोन-चार दिवसांनी बापाने शेजारी बसून विचारावे, "बाळा, पहिली फेरी किती सेकंदांत झाली? शेवटची किती?" १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या मैदानावर चार फेऱ्या. पहिली फार जोरात आणि चौथीला पाय जड, ही नवख्यांची नेहमीची गोष्ट. तसे असेल तर ते सरावाने सुधारते. आदल्या रात्री स्टेशनवर जागून काढली, उपाशीपोटी धावला, नवे बूट त्याच दिवशी घातले, हीदेखील कारणेच आहेत. ती पुढच्या खेपेला टाळता येतात. कारखान्यावर ऊसतोडीला जाऊन चार-पाच महिने सराव बुडाला असेल, तर त्याचा दोष पोराच्या माथी मारू नये. तो प्रश्न सबंध घराने बसून सोडवायचा आहे. आणि दुखरा पाय दडवून कोणी धावू नये. २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत अविनाशचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमधली जागतिक स्पर्धा त्याने सोडली.

मुलींचे थोडे वेगळे आहे. मुलगा हरला तर पुढच्या वर्षी बघू म्हणतात, मुलगी हरली की स्थळे बघायला लागतात. तिलाही दुसरी, तिसरी संधी मिळायला हवी. पहाटे एकटीला पाठवायला भीती वाटत असेल तर वस्तीतल्या चौघींनी मिळून जावे, एखाद्या दादाने सोबत जावे.

दहा-पंधरा रुपयांची एक वही आणून द्या. तारीख, फेरीची वेळ, काय खाल्ले, झोप किती झाली, कुठे दुखले एवढेच रोज त्यात लिहायचे. लिहिता न येणाऱ्या आईलाही ती वही संध्याकाळी वाचून दाखवता येईल.