वजनकाटा काय सांगत नाही?

एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड? या कोड्यात तुम्ही लहानपणी फसला असाल. वजन दोन्हींचे सारखेच. फरक असतो तो घनतेत. हेच कोडे आज माणसाच्या शरीराला घालून पाहू.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीराचा वजन-निर्देशांक मिळतो. १.७० मीटर उंचीच्या, ६५ किलोग्रॅम वजनाच्या गृहस्थांचा निर्देशांक सुमारे २२.५ येतो. म्हणजे सारे ठीक! पण त्या ६५ किलोंत चरबी किती आणि स्नायू किती?

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही निर्देशांक २२.३. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजले, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळली!

चरबीची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.९ ग्रॅम, तर उरलेल्या शरीराची सुमारे १.१ ग्रॅम असते. सारख्याच वजनाचे दोन गडी गोदावरीत उतरले, तर चरबी अधिक असलेला जास्त पाणी बाजूला सारील आणि सहज तरंगेल. एवढाच काय तो फायदा! पुरुषांची जादा चरबी बहुधा पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. तिच्यामुळे इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि रक्तातील साखर वाढू लागते. "लग्नात होते तेवढेच माझे वजन आहे," असे सांगणाऱ्याच्या पट्ट्याचे भोक पुढे सरकले असेल, तर स्नायू घटून चरबी वाढली, असे समजावे.

तेव्हा आज शिंप्याची फीत घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यानंतर, वडिलांच्या पोटाचा घेर मोजा. भारतीय पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे ही धोक्याची खूण मानतात. तसे असेल, तर त्यांना रक्तातील साखर तपासून घ्यायला सांगा.

काम करणारे स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरची फेरी मोलाची. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस जोर-बैठका, एवढे प्रौढ माणसाने करावेच. आज रात्री जेवण झाले, की वडिलांचा हात धरून त्यांना घराबाहेर काढा पाहू!