ब्रिटनमधील पबमधील जुगारयंत्रे आणि स्थानिक परिषदांचे परवानाविषयक अधिकार

प्रस्तावना :

ब्रिटनमधील पब हे केवळ मद्यविक्रीचे ठिकाण नसून वस्तीतील लोकांच्या बैठकीचे स्थान आहे. अनेक पबमध्ये कुटुंबे मुलाबाळांसह भोजनासाठी येतात. त्याच जागेत पैसे टाकून खेळावयाची व रोख बक्षीस देणारी गेमिंग मशीन, म्हणजेच जुगारयंत्रे, ठेवलेली आढळतात. पबचालकाच्या दृष्टीने ती पूरक उत्पन्नाचे साधन असतात. तर अल्पवयीन मुले आणि जुगाराच्या आहारी जाऊ शकणाऱ्या व्यक्ती यांच्या दृष्टीने तो धोका ठरतो. या यंत्रांवर नियंत्रण ठेवण्याची जबाबदारी स्थानिक परिषदेकडे आहे. प्रस्तुत लेखात इंग्लंड व वेल्समधील व्यवस्थेच्या आधारे या अधिकाराचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

कायद्याची पार्श्वभूमी :

१९६८ च्या गेमिंग कायद्यानुसार पबमधील यंत्रांची परवानगी परवानाविषयक न्यायाधीशांकडून मिळत असे. २००१ मध्ये सर ॲलन बड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुगारविषयक कायद्यांचा समग्र आढावा सादर केला. २००३ च्या परवाना कायद्याने मद्यपरवान्याचे काम न्यायाधीशांकडून स्थानिक परिषदांकडे सोपविले व हा बदल नोव्हेंबर २००५ पासून अमलात आला. त्यापाठोपाठ २००५ चा जुगार कायदा १ सप्टेंबर २००७ पासून पूर्णतः लागू झाला आणि यंत्रांविषयीचे अधिकारही परिषदांकडे आले. या कायद्याची तीन उद्दिष्टे आहेत : जुगाराला गुन्हेगारीपासून दूर ठेवणे, तो प्रामाणिक व खुल्या पद्धतीने चालेल हे पाहणे आणि मुले व दुर्बल व्यक्ती यांचे संरक्षण करणे.

सूचना आणि अनुज्ञापत्र यांतील भेद :

या व्यवस्थेचे मर्म यंत्रांच्या संख्येत आहे. कलम २८२ अन्वये, ज्या पबला जागेवर मद्यप्राशनाचा परवाना आहे आणि जेथे मद्य देणारा बार आहे, त्याला ‘सी’ किंवा ‘डी’ श्रेणीची दोन यंत्रे ठेवण्याचा हक्क आपोआप मिळतो. पबचालकाने परिषदेला केवळ सूचना द्यावयाची व ५० पौंड शुल्क भरावयाचे असते. येथे परिषद अर्जाचा विचार करीत नाही. ती नोंद घेते. ‘सी’ श्रेणीच्या यंत्रावर एका खेळासाठी कमाल १ पौंड लावता येतो व २०१४ पासून कमाल बक्षीस १०० पौंड आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीस हे यंत्र खेळण्यास मनाई आहे.

तिसऱ्या यंत्रापासून मात्र परिस्थिती बदलते. दोनपेक्षा अधिक यंत्रांसाठी कलम २८३ अन्वये अनुज्ञापत्र घ्यावे लागते. अशा अर्जाचा निर्णय करताना परिषदेने कायद्याची उद्दिष्टे, जुगार आयोगाचे मार्गदर्शन आणि तिला उचित वाटणाऱ्या अन्य बाबी विचारात घ्यावयाच्या असतात. ती अर्ज मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा यंत्रांची संख्या वा श्रेणी बदलून मान्यता देऊ शकते; परंतु याव्यतिरिक्त अन्य अटी तिला घालता येत नाहीत. ठरावीक संख्येपर्यंतचे अर्ज अधिकाऱ्यांनी निकाली काढावेत व त्यापुढील अर्ज समितीपुढे जावेत, अशी पद्धत अनेक परिषदांनी स्वीकारली आहे.

हक्क काढून घेण्याचा अधिकार :

पहिल्या दोन यंत्रांच्या बाबतीत परिषद अगदीच निष्प्रभ आहे, असे नाही. यंत्रे ठेवणे कायद्याच्या उद्दिष्टांशी सुसंगत नसल्यास, आयोगाच्या आचारसंहितेचा भंग झाल्यास, जागेचा वापर मुख्यतः जुगारासाठी होत असल्यास किंवा जुगार कायद्याखालील गुन्हा तेथे घडल्यास, कलम २८४ अन्वये परिषद हा हक्क काढून घेऊ शकते. त्यासाठी किमान २१ दिवसांची पूर्वसूचना देणे, पबचालकाचे म्हणणे विचारात घेणे आणि त्याने मागणी केल्यास सुनावणी घेणे बंधनकारक आहे. निर्णयाविरुद्ध दंडाधिकारी न्यायालयात अपील करता येते. आचारसंहितेनुसार यंत्र कर्मचाऱ्यांच्या देखरेखीत राहील अशा जागी असावे लागते. तसेच रोख रक्कम काढण्यासाठी ग्राहकाला यंत्रापासून दूर जावे लागेल, अशी एटीएमची रचना असावी लागते.

व्यवहारातील अडचण :

वरील तरतुदींवरून एक महत्त्वाची बाब लक्षात येते. दोन यंत्रांपर्यंत परिषदेचा अधिकार प्रतिबंधात्मक नसून पश्चात्‌ कारवाईचा आहे. नियमभंग झाला हे आधी सिद्ध व्हावे लागते आणि तो सिद्ध होण्यासाठी तपासणी व्हावी लागते. परंतु सूचनेचे शुल्क एकदाच घेतले जाते. वार्षिक शुल्क केवळ अनुज्ञापत्रधारकांकडून मिळते व तेही अवघे ५० पौंड. म्हणजे केवळ दोन यंत्रे असलेल्या पबच्या नियमित तपासणीसाठी या व्यवस्थेत स्वतंत्र आवर्ती उत्पन्नच नाही.

याचा परिणाम प्रत्यक्षात दिसून आला आहे. २०१८ मध्ये जुगार आयोग व स्थानिक परिषदा यांच्या सहभागाने अल्पवयीनांमार्फत चाचण्या घेण्यात आल्या, तेव्हा तपासलेल्या पबपैकी दहांमागे सुमारे नऊ पब मुलांना ‘सी’ श्रेणीच्या यंत्रावर खेळण्यापासून रोखू शकले नाहीत. बारवर मद्य मागणाऱ्याचे वय विचारले जाते, कारण तेथे विक्रेता समोर असतो. यंत्रापाशी मात्र विक्रेताच नसतो. कागदोपत्री असलेली देखरेख आणि गर्दीच्या वेळी एकदोन कर्मचाऱ्यांकडून होणारी देखरेख यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

समारोप :

पबमधील यंत्रांचा हा नियम दोन परस्परविरोधी हितांचा समन्वय साधू पाहतो. लहान पबचालकावर कागदपत्रांचा भार पडू नये म्हणून दोन यंत्रांना सूट दिली गेली आणि त्या सुटीचा समतोल राखण्यासाठी हक्क काढून घेण्याचा अधिकार परिषदेला दिला गेला. तथापि, तपासणीची साधने न देता केवळ कारवाईचा अधिकार दिल्यास तो बहुतांशी कागदावरच राहतो. स्थानिक स्वराज्य संस्थांकडे अधिकार सोपविताना त्यासोबत आवश्यक निधी व मनुष्यबळ सोपविले आहे काय, हा लोकप्रशासनातील जुना प्रश्न पबच्या कोपऱ्यातील या यंत्राच्या निमित्ताने पुन्हा समोर येतो. मुलांच्या संरक्षणाचे उद्दिष्ट कायद्याच्या पहिल्याच कलमात नोंदविलेले असल्याने त्याचे उत्तर शोधणे अधिकच निकडीचे ठरते.