चाके सरळ, तर वाट सरळ

महामार्गावर मोटार का बावरते आणि तिला ताळ्यावर कसे आणावे

कोल्हापूरहून कागल, निपाणीमार्गे निघालेली मोटार तवंदीचा घाट ओलांडून संकेश्वरच्या बाजूस आली, की मोकळा रस्ता पाहून चालकाचा पाय नकळत वेग वाढवितो. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणून ओळखला जाणारा आणि २०१० मधील पुनर्क्रमांकनानंतर ४८ हा क्रमांक धारण केलेला हा मार्ग सीमाभागाची मोठी रहदारी वाहून नेतो. बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा व गडहिंग्लज या वाटेने कोकणातून आणि गोव्याकडून येणारी वाहने संकेश्वरलाच या महामार्गाला मिळतात. गावातील रस्त्यावर निमूटपणे चालणारी गाडी येथे ताशी ऐंशी किलोमीटरचा वेग गाठताच बावरू लागते, असा अनुभव अनेक मोटारमालकांना येतो. सुकाणूचक्र किंचित हलविले तरी गाडी झटका देऊन बाजूला धावते. लहानसा खड्डा किंवा मालमोटारीच्या वाऱ्याचा झोत एवढ्यानेही तिची दिशा बदलते. बेळगाव येईपर्यंत चालकाचे खांदे भरून येतात. पुष्कळजण हा दोष रस्त्याला वा गाडीच्या वयाला देऊन स्वस्थ बसतात. वस्तुतः त्याचे मूळ बहुधा चाकांच्या मांडणीत असते.

वेग वाढताच दोष का जाणवतो?

यासाठी साधा हिशेब पुरेसा आहे. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे बावीस मीटर अंतर तोडते. तिची दिशा केवळ एका अंशाने चुकली, तरी तेवढ्या एका सेकंदात ती सुमारे ३९ सेंटिमीटर बाजूला सरकते. ताशी तीस किलोमीटर वेगाला हेच सरकणे पंधरा सेंटिमीटरच्या आसपास राहते आणि चालकाच्या ध्यानातही येत नाही. ऊसाच्या हंगामात रात्रीच्या वेळी समोर अचानक ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली आणि गाडी बाजूला घ्यावी लागली, तर अशा बावरणाऱ्या गाडीतील कुटुंबाचा जीव या काही सेंटिमीटरांवर अवलंबून राहतो.

तीन कोन

चाकांची मांडणी, म्हणजेच प्रचलित भाषेत व्हील अलाइनमेंट, ही मुख्यतः तीन कोनांची गोष्ट आहे.

पहिला कोन ‘टो’. गाडी वरून पाहिली असता दोन्ही चाकांची पुढील टोके आत वळलेली आहेत की बाहेर, हे त्यावरून समजते. पुढील चाके प्रमाणाबाहेर फाकलेली असतील, तर प्रत्येक चाक गाडीला आपल्या बाजूला ओढते. ओढ समान असेपर्यंत गाडी सरळ जाते. परंतु खड्ड्यामुळे वा वाऱ्यामुळे एका चाकावर भार वाढला, की ते चाक वरचढ ठरून गाडी त्या बाजूला धावते. मागील चाके फाकलेली असणे याहून घातक होय. वळणावर बाहेरच्या चाकावर भार पडताच गाडीचा मागील भाग बाहेर सरकू पाहतो आणि गाडी अपेक्षेपेक्षा अधिक वळते.

दुसरा कोन ‘कॅस्टर’. सायकलचा पुढचा चिमटा वरच्या बाजूस मागे कललेला असतो; त्यामुळे चाक आपोआप सरळ राहू पाहते. मोटारीच्या पुढील चाकांचा वळण्याचा आसही असाच मागे कललेला असतो. हा कल कमी झाला, तर वळणानंतर सुकाणूचक्र आपण होऊन मध्यावर येत नाही आणि वेगात गाडी भरकटते. दोन्ही बाजूंचा कल असमान असेल, तर गाडी कमी कलाच्या बाजूला ओढली जाते.

तिसरा कोन ‘कॅम्बर’. समोरून पाहताना चाक उभे आहे की आत वा बाहेर कललेले, हे तो दर्शवितो. यात फार चूक असल्यास टायरची एकच कड झिजते.

बैलगाडीचा कणा तिरका बसला, तर चाक रस्त्यावर फरफटते आणि बैल लवकर दमतात, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मोटारीचेही तसेच आहे. चाक एका अंशाने तिरके असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे सतरा मीटर आडवे घासले जाते. टायर अकाली झिजतात आणि इंधनही वाया जाते.

आधी तपासणी, मग मांडणी

गाडी बावरते म्हणून तिला थेट अलाइनमेंटच्या यंत्रावर उभी करणे हे रोग न तपासता औषध देण्यासारखे आहे. प्रथम टायर थंड असताना हवेचा दाब पाहावा. योग्य दाब बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला असतो. मागील टायरमधील कमी हवा एवढ्यानेही गाडी अस्थिर होऊ शकते.

त्यानंतर टायरवरून हात फिरवावा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली आहे. मधला भाग झिजला असेल तर ती जास्त भरली आहे. नक्षीच्या कडा एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने धारदार लागत असतील, तर टो बिघडला आहे असे समजावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असली पाहिजे.

मग टाय रॉडची टोके, बॉल जॉइंट, रबरी बूश आणि चाकांचे बेअरिंग यांतील ढिलाई तपासावी. याच नियमांनुसार सुकाणूचक्रातील मोकळी हालचाल तीस अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. झिजलेले सुटे भाग न बदलता केलेली मांडणी यंत्रावर बरोबर दिसते. परंतु गाडी धावू लागताच ढिलाईमुळे चाके पुन्हा आपली जागा सोडतात. अनेक ग्राहकांचा पैसा वाया जातो तो येथेच.

योग्य क्रम

पूर्वी कुशल कारागीर चाकांच्या बाजूने दोरी ताणून व मोजपट्टी लावून ही मांडणी करीत. आता चाकांवर लावलेल्या परावर्तक फलकांवरून कॅमेरे कोन मोजतात. साधन बदलले तरी क्रम बदललेला नाही. गाडी सपाट जागी उभी करावी. मागील चाकांची मांडणी प्रथम पाहावी. नंतर पुढील चाकांचा कॅस्टर, कॅम्बर आणि सर्वांत शेवटी सुकाणूचक्र मध्यावर बांधून टो ठरवावा. मागचा कणा तिरका असेल आणि केवळ पुढची चाके जुळविली, तर सरळ रस्त्यावरही सुकाणूचक्र वाकडे धरावे लागते.

अनेक लहान मोटारींत कॅस्टर व मागील चाकांचे कोन बदलण्याची सोय नसते. तेथे आकडे चुकीचे आले, तर एखादा भाग वाकलेला आहे असा संशय घ्यावा. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीची व नंतरची अशी दोन्ही मोजमापे छापील स्वरूपात मागून घ्यावीत आणि ती निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादांशी ताडून पाहावीत.

सुकाणूचक्र विशिष्ट वेगाला थरथरत असेल, तर तो बहुधा चाकांच्या असमतोलाचा दोष असतो. त्यावर व्हील बॅलन्सिंग हा उपाय होय. तसेच पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला उतार दिलेला असतो. त्यामुळे गाडी किंचित डावीकडे झुकली तर घाबरण्याचे कारण नाही.

पावसाळ्यानंतर आंबोलीच्या वाटेने फिरलेली, खड्ड्यात जोराने आदळलेली, नवे टायर वा सस्पेन्शनचे भाग बसविलेली मोटार लांबच्या प्रवासापूर्वी अवश्य तपासून घ्यावी. काम झाल्यावर कमी रहदारीच्या वेळी, वेगमर्यादेत राहून गाडी चालवून पाहावी. सुकाणूचक्र मध्यावर असताना ती सरळ गेली आणि वळणानंतर चक्र आपोआप सरळ झाले, तर मांडणी साधली असे मानावे. तोवर मात्र बावरणाऱ्या गाडीचा वेग कमी ठेवणे आणि पुढील वाहनापासून अधिक अंतर राखणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.