मंगळावरचा बर्फ टिकतो कसा?

रेवदंडा, मुरूड, करंजा इथल्या लोकांना बर्फाची किंमत सांगायला नको. बोट समुद्रात जायची तर डिझेलबरोबर बर्फही भरावा लागतो, आणि बर्फ संपला की मासळी गेली. म्हणूनच आमच्या वर्गातली मुलं विचारतात, मंगळावर, म्हणजे उर्दूतल्या मिर्रीखवर, बर्फ आहे म्हणे, मग तो उन्हात वितळत कसा नाही?

खरं तर तिथे बर्फ सहसा वितळत नाही, उडून जातो. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. एवढ्या कमी दाबात पाणी पातळ रूपात टिकत नाही, म्हणून ऊब मिळाली की बर्फाची सरळ वाफ होते. पेटीतल्या डांबराच्या गोळ्या ओल्या न होता झिजतात, तसंच. पुस्तकात याला संप्लवन म्हणतात.

२००८ मध्ये हे डोळ्यांनी दिसलं. नासाचं फिनिक्स यान त्या वर्षी मे महिन्यात मंगळाच्या उत्तर भागात उतरलं. त्याने माती उकरली, तर खाली पांढरे तुकडे निघाले. मीठ की बर्फ? जूनमध्ये चार दिवसांतच ते तुकडे नाहीसे झाले. पेण-उरणची मिठागरं पाहिलेल्यांना निकाल लगेच कळेल. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. मीठ असतं तर तिथेच पडून राहिलं असतं. म्हणजे तो बर्फच.

मग टिकतो कुठे? एक, मातीखाली. वरचा थर उन्हाची ऊब अडवतो आणि वाफेलाही सहज बाहेर पडू देत नाही. दोन, जिथे कायम कडक थंडी आहे तिथे, अगदी उघड्यावरसुद्धा. उत्तर ध्रुवावर असा बर्फ आहेच. शिवाय कोरोलेव्ह नावाचं सुमारे ८२ किलोमीटर रुंदीचं विवर आहे. त्यात मधोमध जवळपास १.८ किलोमीटर जाडीचा बर्फ बारा महिने असतो. बर्फावरची हवा गार होऊन जड होते, खोलगट विवरात बसून राहते आणि बर्फावर पांघरुणासारखं काम करते.

उद्या माणूस तिथे गेला तर पिण्याचं पाणी, श्वासाला ऑक्सिजन आणि परतीचं इंधन याच बर्फातून काढावं लागेल. पृथ्वीवरून सगळं पाणी नेणं परवडणार नाही. तेव्हा "मंगळावर पाणी सापडलं" असा मेसेज आला की मुलांना दोन प्रश्न जरूर विचारायला लावा: पाणी की बर्फ? उघडा की झाकलेला?