धूर आणि धूळ : स्टॉकहोमच्या रस्त्यांवरचे दोन प्रश्न

मोटारींमुळे हवा बिघडते असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येतो तो सायलेन्सरमधून निघणारा धूर. पाठ्यपुस्तकातल्या चित्रातही तोच असतो. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे धुराविरुद्धचे उपाय लवकर सुरू झाले. १९९६ सालीच तिथे जुन्या डिझेल मालमोटारींना व बसगाड्यांना शहराच्या मध्यभागात मज्जाव करण्यात आला. तरीही पुढे एक अडचण उरलीच. धूर कमी होऊ लागला, पण धूळ कमी होईना. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे असावे लागतात, हे समजून घ्यायला त्या शहराची हकीकत फार उपयोगी आहे.

आधी धुराकडे वळू. इंजिनाच्या आत तापमान इतके वाढते की एरवी एकमेकांच्या वाटेला न जाणारे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन संयोग पावतात. त्यातून प्रामुख्याने नायट्रिक ऑक्साइड बनते आणि बाहेर आल्यावर ओझोनशी अभिक्रिया होऊन त्याचे नायट्रोजन डायॉक्साइड होते. हा वायू श्वासनलिकांचा दाह करतो. दमेकऱ्यांना, त्यातही लहान मुलांना, तो विशेष बाधतो.

शहरातल्या होर्न्सगाटान नावाच्या रस्त्यावर तो साचून राहतो. रस्ता सुमारे २४ मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंच्या सलग इमारतींची उंचीही साधारण तेवढीच. म्हणजे जणू एक घळच. वारा रस्त्याला आडवा वाहू लागला की छपरांवरून येणारी हवा समोरच्या भिंतीवरून खाली उतरते, रस्त्याच्या तळाशी उलट दिशेने परत फिरते आणि असा एक भोवरा तयार होतो. हा रस्ता साधारण पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळे वारा दक्षिणेकडून येत असेल तर प्रदूषित हवा उत्तरेकडच्या नव्हे, दक्षिणेकडच्याच पदपथावर लोटली जाते. विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला सांगावे. बहुतेकांचे उत्तर उलटे येईल.

वाहनांची संख्याच कमी करावी म्हणून महापालिकेने २००३ साली एका प्रयोगाचा निर्णय घेतला. शहराच्या मध्यभागात येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींकडून पैसे घ्यायचे! मात्र असा कर बसवण्याचा अधिकार महापालिकेला नव्हता. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागला. ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ या काळात हा प्रयोग झाला. मध्यभाग बेटांवर वसलेला असल्याने आत जाण्याच्या वाटा मोजक्याच, आणि १८ ठिकाणी कॅमेरे बसवून काम भागले. गाडी थांबवावी लागत नसे. नंबरप्लेटचे छायाचित्र निघे आणि कर आकारला जाई. वेळेनुसार एका खेपेला १०, १५ किंवा २० क्रोनर, आणि दिवसाला जास्तीत जास्त ६०. रात्री व शनिवार-रविवारी काही नाही.

प्रयोगापूर्वी बहुसंख्य लोक विरोधात होते. प्रत्यक्षात या सीमेवरची वाहतूक सुमारे २२ टक्क्यांनी घटली आणि रांगांमधला खोळंबा त्याहून कितीतरी अधिक कमी झाला. याचे आश्चर्य वाटायला नको. भरलेल्या रस्त्यावर शेवटच्या काही गाड्याच सगळ्यांना अडवून धरतात. मध्यभागात वाहनांतून बाहेर पडणारी प्रदूषके १० ते १४ टक्क्यांनी घटली. ऑगस्टपासून कर थांबला, तशी वाहने पुन्हा वाढली. म्हणजे प्रयोगाला ताळाही आपोआप मिळाला. सप्टेंबरमधल्या सार्वमतात शहरवासीयांनी थोड्या बहुमताने कराच्या बाजूने कौल दिला. मत घेतलेल्या शेजारच्या गावांपैकी बहुतेकांनी मात्र विरोध नोंदवला. रोज पैसे भरून आत जायचे ते त्यांनाच, तेव्हा त्यांची तक्रार अगदीच गैर नव्हती. ऑगस्ट २००७ पासून कर कायम झाला. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांमधील दम्याच्या तीव्र झटक्यांचे प्रमाण या काळात बरेच उतरले, पण ते एकदम नव्हे, काही वर्षांत हळूहळू.

आता धूळ. बर्फावर चाके घसरू नयेत म्हणून स्वीडनमध्ये हिवाळ्यात अनेकजण धातूचे बारीक खिळे बसवलेले टायर वापरतात. बर्फ असेल तेव्हा त्यांचा उपयोग खराच आहे. पण बर्फ नसलेल्या डांबरी रस्त्यावर हेच खिळे त्यातली खडी खरवडतात. हा दगडाचा चुरा हिवाळाभर ओल्या रस्त्यात दबून राहतो आणि मार्च-एप्रिलमध्ये रस्ता सुकला की उधळतो. म्हणून सर्वांत वाईट हवा ऐन थंडीत नव्हे, तर वसंताच्या तोंडावर!

यातील १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम १० म्हणतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ३ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे २ मीटर उंचीवरून जमिनीवर यायला ११ मिनिटे. वाहत्या रस्त्यावर तेवढ्यात दुसरी गाडी येऊन त्याला पुन्हा वर उडवते. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ही दिवसाची सरासरी वर्षात ३५ हून अधिक दिवस ओलांडता येत नाही. होर्न्सगाटानला ती ओलांडली जात असे.

वाहनकराने या दुखण्यावर थोडाच उतार पडला. म्हणून १ जानेवारी २०१० पासून होर्न्सगाटानवर खिळ्यांचे टायर बंद झाले, आणि २०१६ पासून आणखी दोन रस्त्यांवर. सुरक्षिततेचे काय, असा प्रश्न साहजिकच निघाला. पण ही बंदी काही ठरावीक रस्त्यांपुरतीच होती, आणि खिळे नसलेले, मऊ रबराचे हिवाळी टायरही मिळतात. शिवाय कोरड्या दिवसांत रस्त्यावर कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेटचे द्रावण शिंपडतात. डोलोमाइट आणि ॲसेटिक आम्ल यांपासून बनणारा हा क्षार ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे धूळ उडत नाही. साध्या मिठाने गाड्या जितक्या गंजतात तितक्या याने गंजत नाहीत.

जानेवारी २०२० पासून याच रस्त्यावर धुराचे ठरावीक मानक न पाळणाऱ्या जुन्या मोटारींनाही बंदी आली. विजेवर चालणाऱ्या मोटारीला हा नियम अडवत नाही, कारण तिला सायलेन्सरच नाही. तिचे ब्रेकही कमी झिजतात. वेग उतरवताना मोटरच जनित्र बनते. पण बॅटरीमुळे ती बहुधा वजनाने जास्त असते, आणि टायर व रस्ता यांचे घर्षण तिलाही चुकलेले नाही. होर्न्सगाटानवरची खिळ्यांच्या टायरवरची बंदी तिला इतर मोटारींइतकीच लागू आहे.